शेवटच्या रेघेतलं हसू

आमच्या घरात गॅस चालू राहिला तर आत्याबाई दोन शब्द बोलून सोडून द्यायच्या. पण त्यांच्या रेकॉर्डची पिन दुसऱ्या कुणी उचलली, तर दिवसभर त्यांचा अबोला. हा नियम मला लग्नाआधी कुणी सांगितला नाही. सासरच्या महत्त्वाच्या गोष्टी सुनेला नेहमी चूक करूनच कळतात.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, कुसाबाई पगारे. पंच्याण्णव साली मी लग्न होऊन नाशिकला सातपूरच्या एका कॉलनीत आले, तेव्हा त्या एका बालवाडीत मदतनीस होत्या. दिवसभर दुसऱ्यांची नाकं पुसायची आणि घरी येऊन आमची घासायला लावायची, असा त्यांचा कार्यक्रम. सासरे वारले होते. घरात आम्ही तिघंच, त्या, मी आणि माझा नवरा संघर्ष.

पहिल्याच रविवारी सकाळी बुद्धवंदना झाली, आणि त्यांनी कपाटावरचा रेकॉर्ड प्लेअर खाली घेतला. पदरानं रेकॉर्ड पुसली, पिन ठेवली. सासऱ्यांचा खडा आवाज घरभर झाला. मागे ढोलकी, पेटी आणि दोन बायकांचा कोरस. मुलींनो शाळेत जा, असं काहीतरी गाणं होतं. मी आत कांदा चिरत होते. गाणं संपलं आणि एक हसणं ऐकू आलं. बारीक, एका दमातलं, ‘हीहीही’. मग ‘खट्’. पुन्हा तेच ‘हीहीही’, पुन्हा ‘खट्’. थांबेचना. मला वाटलं, पिन अडकली. नव्या सुनेला आपण किती चटपटीत आहोत हे दाखवायची घाई असते. हात पुसत बाहेर आले आणि पिन उचलून बाजूला ठेवली.

आत्याबाई भिंतीला टेकून डोळे मिटून बसल्या होत्या. डोळे उघडून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

“तिला कशाला गप केली गं?” त्या म्हणाल्या.

मी मागे वळून पाहिलं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. कुणाला गप केलं मी? विचारायची सोय नव्हती, कारण तोवर त्या उठून ओट्यावर जाऊन बसल्या होत्या. मग दिवसभर भांडी तेवढी बोलली.

संध्याकाळी संघर्षनं मला नीट समजावलं. रेकॉर्डवर बाहेरून आत जाणारी एकच लांब रेघ असते. शेवटी ती स्वतःलाच जाऊन मिळते आणि तिचा गोल बंद होतो, म्हणजे पिन घसरून मधल्या कागदावर जाऊ नये. हाताने उचलेपर्यंत पिन त्या गोलात फिरत राहते. बहुतेक रेकॉर्डींमध्ये हा शेवटचा गोल मुका असतो. आमच्या रेकॉर्डमध्ये तो हसतो.

“पण हसतंय कोण?” मी विचारलं.

“मोहिनी. माझी मोठी बहीण. मी तिला बघितली नाही.”

सासऱ्यांची गायन पार्टी होती. रेकॉर्डच्या कागदावर अजून वाचता येतं, ‘काळूराम पगारे आणि पार्टी, नाशिक’. सत्तरच्या आसपास मुंबईच्या एका स्टुडिओत त्यांची ही एकुलती एक रेकॉर्ड निघाली. आत्याबाई कोरसमध्ये होत्या, एकोणीस-वीस वर्षांच्या, आणि मोहिनी मांडीवर. घरी लेकरू सांभाळायला कुणी नव्हतं. गाणं संपता संपता पोर हसली, कुणी मशीन बंद केलं नाही, आणि ते हसणं शेवटच्या रेघेत जाऊन बसलं. त्याच पावसाळ्यात मोहिनी तापानं गेली. तिचा फोटो नाही, झबलं नाही. पुरलं ती जागासुद्धा रस्त्याखाली गेली. त्या पोरीचं म्हणून जगात जे काही शिल्लक होतं, ते त्या बंद गोलात होतं आणि मी चटपटीतपणे ते उचलून ठेवलं होतं. मला रडूच आलं.

मोहिनी गेल्यावर आत्याबाईंनी गाणं सोडलं ते सोडलंच. सासरे मात्र रेकॉर्ड लागली की एकच पालुपद लावायचे, असं संघर्ष सांगायचा. “कुसा, शेवटच्या ओळीत तुझा आवाज कुठं गेला?” आणि खरंच, नीट ऐकलं तर कळतं. सबंध गाणंभर कोरसमध्ये दोन बायका आहेत, शेवटच्या ओळीत एकच. पार्टीच्या एवढ्या मोठ्या कामात बायकोनं ऐन वेळी दगा दिला, हे त्या माणसानं मरेपर्यंत मनातून काढलं नाही. आत्याबाई म्हणायच्या, “दम लागला असंल.” आपली चूक मान्य करताना त्यांचा चेहरा शाळेत उभं केलेल्या मुलीसारखा व्हायचा. एरवी कुणाचं ऐकून घेणारी बाई नव्हती ती.

आणि त्यांचं स्वतःचं हसणं म्हणाल, तर पदर तोंडाला लावून, आवाज न करता. खांदे तेवढे हलायचे. मी त्यांना तसंच ओळखत होते आणि त्याचं मला कधी काही वाटलं नाही.

पुढची काही वर्षं मी रविवारचं ते हसणं ऐकत राहिले. आमचा प्लेअर जरा घाईचा होता. सासऱ्यांनी तो जुना घेतला, तेव्हाच त्यात कुठल्या तरी दुसऱ्या प्लेअरचा पट्टा होता, त्यामुळे रेकॉर्डवर सासरेसुद्धा थोडे बारीक आवाजात गायचे. पण सवय झाली की सगळं खरं वाटतं. गंगापूर रोडला एका डॉक्टरांच्या दवाखान्यात मी रिसेप्शनला होते. तिथं एखादं लेकरू हसलं की मला मोहिनी आठवायची. न पाहिलेली नणंद. मी तिच्या बाजूनं भांडलेही असते.

भांडायची वेळ आली दोन हजार एकच्या भीमजयंतीला. निफाडहून लताबाई आल्या. पार्टीतली ती दुसरी बाई, कोरसमधला दुसरा आवाज. आत्याबाईंच्याच वयाच्या, पण तोंडानं दुप्पट. कितीतरी वर्षांनी दोघी भेटल्या. “कुसे!” “लते!” असं करत एकमेकींच्या गळ्यात पडल्या. जेवणं झाली, आणि आत्याबाईंनी मोठ्या मानानं प्लेअर खाली काढला. लताबाईंकडची रेकॉर्ड कधीच फुटली होती. त्या गाण्याबरोबर गुणगुणत होत्या, मांडीवर ताल धरत होत्या. गाणं संपलं. हसणं सुरू झालं.

लताबाईंचा हात थांबला. “अगं बाई,” त्या म्हणाल्या. “माझी मीना!”

मला वाटलं, त्यांना त्यांची मुलगी आठवली म्हणून बोलल्या. आत्याबाईंनाही तसंच वाटलं असावं.

“मोहिनी हाय ती,” आत्याबाई सावकाश म्हणाल्या.

“काय बोलते कुसे? मीना नव्हती का माझ्या मांडीवर? मला चांगलं याद हे. गाणं संपलं आन् ही खिदळली. मी तोंड दाबलं तिचं.”

“मांडीवर मोहिनी होती.”

“तुझ्या मांडीवर मोहिनी. माझ्या मांडीवर मीना. दोघी होत्या की गं!”

रेकॉर्ड फिरतच होती. दोन बायका त्या हसण्याकडे बघत बसल्या होत्या, आणि कुणाचाच हात पिन उचलायला पुढे होईना. लताबाईंच्या मनात काही वाकडं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. त्यांची मीना चांगली धडधाकट, शिक्षिका, नामपूरला दिलेली. त्यांना ते हसणं म्हणजे एक गंमत होती. पण त्यांनी गमतीत काय उचललं, ते त्यांना कळलं नाही. मला कळलं आणि मला त्यांचा असा राग आला, की चहात साखर टाकायची मी विसरलेच. खरं तर विसरले नव्हते.

त्या गेल्यावर आत्याबाईंचं सगळं बिघडलं. रविवारी रेकॉर्ड लावायच्या आणि गाणं संपायच्या आत पिन उचलायच्या. कधी गाण्याला हात न लावता नुसता शेवटचा गोल फिरवत बसायच्या, कान अगदी प्लेअरला लावून.

“राखी, खरं सांग. कुणाची पोरगी वाटती?”

“आत्याबाई, मी दोघींनाही लहानपणी पाहिलेलं नाही. मी काय सांगू?”

“आवाजावरून सांग.”

“सगळी लेकरं सारखीच हसतात.”

“नाय हसत,” त्या म्हणाल्या. मग पिन पुन्हा गोलात ठेवून, “की खरंच सारखी हसतात गं?”

इतकी वर्षं बालवाडीत काढलेली बाई मला हे विचारत होती.

मग त्यांनी चौकशी आरंभली. देवळालीगावात पार्टीचे ढोलकीवाले जाधवकाका होते, त्यांच्याकडे मला घेऊन गेल्या. काकांनी स्वच्छ सांगितलं, “लेकरं? स्टुडिओत? तिथं मुंगीला सोडत नव्हते!” आतून काकू ओरडल्या, की मग मला येऊन कोण सांगत होतं, एका पोरीनं तुमच्या ढोलकीवर मुतून ठेवलं म्हणून? काका म्हणाले, ती गोष्ट मनमाडच्या कार्यक्रमातली. काकू म्हणाल्या, मनमाडला तुम्ही गेलाच नव्हता, तेव्हा तुमचा पाय मोडला होता. त्यांचं ते भांडण तसंच सोडून आम्ही रिक्षात बसलो. स्टुडिओत लेकरं दोन होती, हे जे जाताना पक्कं माहीत होतं, तेसुद्धा परतताना पक्कं राहिलं नाही.

संघर्ष वैतागला. “आई, कुणाचंही असू दे ना. तू मोहिनी समजूनच ऐकत होतीस. ऐकत राहा.”

“समजून?” आत्याबाई म्हणाल्या. “मी समजून ऐकत नव्हते. मी ऐकत होते.”

त्यांना कशाची भीती वाटतेय, ते मला तेव्हा कळलं. ते हसणं मीनाचं निघालं असतं, तर एवढी वर्षं त्यांनी दुसरीच्या जित्याजागत्या पोरीला आपली मेलेली लेक म्हणून छातीशी धरलं असं झालं असतं. आणि स्वतःची मोहिनी मग कुठेच उरली नसती.

दिवाळीनंतर लताबाईंचा निरोप आला. मीनाच्या मुलीचा पहिला वाढदिवस आहे, नामपूरला या. आत्याबाई लगेच तयार झाल्या. “मीनाला हसताना ऐकते,” त्या म्हणाल्या. “माणसाचं हसणं बदलत नाय. मग काय ते समजंल.” रेकॉर्ड आणि प्लेअर बरोबर घ्यायचा, असं ठरलं. ठरलं म्हणजे त्यांनी ठरवलं आणि उचलला मी. सटाण्यापर्यंत एसटीत प्लेअर माझ्या मांडीवर होता. कंडक्टरनं विचारलं, “ताई, मिक्सर का?” मी हो म्हटलं. खरं सांगत बसले असते तर नामपूर आलं असतं, आणि त्यालाही काही कळलं नसतं.

नामपुरात सगळीकडे कांद्याचा वास आणि ट्रॅक्टरांची रांग. मीनाचं घर बाजाराच्या मागे. शेजारची एक म्हातारी दारात उभी राहून अहिराणीत विचारत होती, “कोन शे वं हाई? काय आनं खोक्यामा?” खोक्यात काय आणलं ते न सांगता मी तिला जय भीम घातला आणि आत सटकले.

आता मीनाबद्दल सांगायचं तर बाई गंभीर. मुलांचे पेपर तपासल्यासारखी प्रत्येकाकडे बघणारी. लताबाईंच्या पोटी अशी मुलगी कशी आली हे एक कोडंच. आम्ही तिला हसवायचा निकराचा प्रयत्न केला. लताबाईंनी पार्टीतले जुने किस्से सांगितले. मी कंडक्टरचा मिक्सर सांगितला. मीनाच्या नवऱ्यानं एक विनोद सांगितला, त्यावर तो एकटाच हसला. शेवटी केक कापताना टोपी त्याच्या नाकावर घसरली, तेव्हा मीना हसली. आत्याबाई पुढे सरकल्या. मीनाचे ओठ फाकले, डोळे बारीक झाले, आणि आवाज म्हणून काही आलाच नाही. नाकातून थोडी हवा तेवढी गेली.

“अशीच हसती ती,” लताबाई ओशाळून म्हणाल्या. “लहानपणी खिदळायची.”

“लहानपणी म्हणजे कधी?” आत्याबाईंनी विचारलं.

लताबाई केकच्या बशा गोळा करायला लागल्या.

संध्याकाळ झाली. पाहुणे गेले. आत्याबाई म्हणाल्या, रेकॉर्ड लावा, दोघी मिळून ऐकू. प्लेअर जोडला. आजूबाजूच्या विहिरींवर मोटारी सुरू झाल्या होत्या आणि बल्ब पिवळा पडला होता. व्होल्टेज इतकं कमी, की आमचा घाईचा प्लेअर पहिल्यांदाच दमल्यासारखा फिरायला लागला. सासऱ्यांचा आवाज जाड झाला. संघर्ष ऐकायला असता तर म्हणाला असता, हे बाबा, हे खरे बाबा. लताबाई पदर सावरून बसल्या. शेवटची ओळ आली, एका बाईची. मग हसणं आलं.

ते लेकराचं नव्हतंच.

जाडसर, मोकळं, एका तरण्या बाईचं हसणं.

“हे काय झालं?” आत्याबाई घाबरून म्हणाल्या. “मशीन बिघडली. हे तिचं नाय.”

“माझ्या मीनाचं पण नाय बाई हे,” लताबाई म्हणाल्या.

“मग कोण आहे?” मीनानं विचारलं. त्या घरात तोवरचा तो पहिला सरळ प्रश्न होता. तिसरी बाई स्टुडिओत नव्हती, यावर तर दोघींचं एकमत होतं.

एवढ्यात मीनाची पोर रडायला लागली. दिवसभराच्या गोंधळानं कंटाळली होती. आत्याबाईंनी सवयीनं तिला मांडीवर घेतलं. डोळे रेकॉर्डकडेच होते, पण तोंडानं गुणगुणायला लागल्या. तेच गाणं. मी त्यांना गाताना पहिल्यांदा ऐकत होते. पोर गप्प झाली, त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघायला लागली, आणि तिनं केकनं माखलेली आपली मूठ त्यांच्या तोंडात घातली. अख्खी. गाणं तिथंच बुजलं. आत्याबाईंनी मूठ बाहेर काढली आणि त्या हसल्या. दोन्ही हात पोरीत अडकलेले, तोंडाला पदर लावायला हात नव्हता. मोठ्यानं हसल्या.

रेकॉर्डमधलं हसणं आणि ते हसणं एकाच वेळी खोलीत होतं. कुठलं कुठून येतंय ते मला क्षणभर कळेना.

“अगं कुसे,” लताबाई म्हणाल्या. “तूच की गं ती.”

आत्याबाई हसायच्या थांबल्या. रेकॉर्डमधली हसतच होती. त्यांनी ती आणखी दोन-चार वेळा ऐकली. आपला आवाज बाहेरून ऐकला तर आपल्याला ओळखू येत नाही, हे मला माहीत आहे. पण आमच्या घाईच्या प्लेअरनं लेकरासारखा बारीक केलेला तो आवाज लताबाईंनाही ओळखू आला नाही आणि जन्मभर शेजारी झोपलेल्या नवऱ्यालाही आला नव्हता. मोहिनी गेल्यानंतर तसं हसून त्यांनी तो कुणाला ऐकवलाच नव्हता, तर ओळखणार कोण?

मला वाटलं, आता ह्या कोसळतील. मोहिनी तिथं नव्हती. मीना नसली म्हणून काय झालं, मोहिनीही नव्हती. मी जाऊन त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्यांनी पोरीची मूठ हातात धरली होती आणि तिच्याकडे बघत होत्या.

“असंच करायची ती,” त्या म्हणाल्या. “मी गायला लागले का मूठ घालायची. मीच विसरले होते.”

दुसऱ्या दिवशी परतीच्या एसटीत त्या खिडकीबाहेर बघत होत्या. माझ्या मांडीवर मिक्सर होताच. सटाणा गेलं, देवळा गेलं. त्या रडत नव्हत्या, हे मला जास्त जड जात होतं. चांदवडचा घाट उतरल्यावर त्यांनी एकदम विचारलं,

“राखी, तोंडात मूठ असली तर गाता येतं का गं?”

“नाही येणार.”

“हां,” त्या म्हणाल्या आणि पुन्हा खिडकीकडे वळल्या. मला काही उमगलं नाही. मी आपली प्लेअर सांभाळत बसले.

रविवारी वंदना झाली. आत्याबाईंनी रेकॉर्ड पुसली, लावली आणि भिंतीला टेकून बसल्या. मी आत भाजी निवडत होते, पण कान बाहेर होता. संघर्ष दारात येऊन उभा राहिला. गाणं संपत आलं. सगळा कोरस झाला, शेवटची ओळ आली आणि नेहमीप्रमाणे दोनातला एक आवाज गेला. तो कसा जातो, तिकडे मी आजवर कधी लक्ष दिलं नव्हतं. तो आवाज हळूहळू कमी होत नाही, दम लागल्यासारखा तुटतही नाही. एका शब्दाच्या मध्यावर कुणीतरी बुजवल्यासारखा तो नाहीसा होतो. मग हसणं सुरू झालं, पुन्हा तसंच बारीक.

माझ्या हातातली भाजी तशीच राहिली. मी बाहेर आले.

आत्याबाईंचे डोळे मिटलेले होते. “राखी, पिन उचल,” त्या म्हणाल्या.

“मी?”

“उचल. आन् जरा मागं ठेव.”

“कुठं ठेवू, आत्याबाई?”

“माझा आवाज जातो ना, तिथं,” त्या म्हणाल्या. “तिथं हाय ती.”